घरचा लहान लेथ : आधी पाया, मग साज

शेतीच्या कामात यंत्रांचा प्रवेश झाल्यापासून शेतकऱ्याच्या मागे एक नवी परस्वाधीनता लागली आहे. पूर्वी फाळ बोथट झाला तर लोहार आणि जू मोडले तर सुतार, हे दोघेही बलुत्याच्या नात्याने हाकेच्या अंतरावर असत. आज पंपाचा किंवा फवारणीयंत्राचा बोटभर लांबीचा एक बुश झिजला, की सबंध यंत्र बंद पडते. आणि तो बुश कातून देणारा टर्नर बहुधा तालुक्याच्या गावी असून त्याच्यापुढे दहा गिऱ्हाइकांची कामे पडलेली असतात. पीक मात्र कोणाची वाट पाहत नाही. ही अडचण ओळखून आपल्यापैकी काही हौशी शेतकऱ्यांनी अलीकडे घरीच एक लहान लेथ घेऊन ठेवण्यास आरंभ केला आहे. ही गोष्ट मला इष्ट वाटते. परंतु लेथ घरी आल्यावर त्यात सुधारणा करण्याचा जो क्रम बहुतेक जण पत्करतात, तो अगदी उलटा आहे असे माझे मत झाले आहे. आणि ते मत सकारण मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ज्या वाचकांस या यंत्राचा परिचय नसेल त्यांच्यासाठी प्रथम दोन शब्द सांगणे अवश्य आहे. लेथ म्हणजे कातयंत्र. वस्तू फिरती ठेवून तिला हत्यार लावावे व हवा तो गोल आकार आणावा, ही कला आपल्याकडे नवी नाही. कातारी आणि कातीव हे शब्द आपल्या भाषेत जुने आहेत, व सावंतवाडीची लाखेची लाकडी खेळणी याच रीतीने कातली जातात. लाकूड कातणारा हत्यार हातात धरतो. धातूच्या लेथवर ते एका सरकत्या बैठकीत आवळलेले असते व चाक फिरवून हवे तेवढे पुढेमागे नेता येते, एवढाच मुख्य फरक. सरकती बैठक, आटे पाडण्यासाठी लांब स्क्रू आणि बदलता येणारी दातेरी चक्रे यांची जी जुळणी इंग्लंडातील हेन्री मॉड्स्ली याने सन १८०० च्या सुमारास सिद्ध केली, तीच आजच्या लहानात लहान लेथमध्येही कायम आहे.

हौशी लोकांसाठी म्हणून जे चिनी बनावटीचे लेथ सर्वत्र मिळतात, त्यांस 'सात बाय बारा' किंवा 'सात बाय चौदा' म्हणण्याचा प्रघात आहे. सात इंच, म्हणजे सुमारे १८० मिलिमीटर व्यासाची वस्तू त्यांच्या बेडवर फिरू शकते. दोन टोकांमधील अंतर बारा किंवा चौदा इंच असते. परंतु सरकत्या बैठकीच्या वर ही मोकळीक सुमारे ११० मिलिमीटरच उरते, आणि पोकळ स्पिंडलमधून २० मिलिमीटरपेक्षा जाड सळई पार जात नाही. यंत्राचे वजन सुमारे ४० किलो असते व घरातील साध्या विजेवर ते चालते. यावर ट्रॅक्टरचा आस कातता येणार नाही, हे उघड आहे. परंतु गनमेटलचे बुश, पिना, वॉशर, लहान पुलीचे भोक मोठे करणे, फवारणी पंपाचे लहान भाग, अशी शेतकऱ्यास वर्षातून पाच-दहा वेळा अडविणारी कामे त्यावर चांगली होतात. मात्र तो लेथ खरा असला पाहिजे. विक्रेत्याच्या पेटीतून बाहेर पडतो तेव्हा तो बहुधा खरा नसतो. तो लेथ होण्याचे साहित्य असतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी राहतो ते नवघर भाईंदरच्या पूर्वेस आहे. वसईकडील नवघर-माणिकपूर ते निराळे. आमच्या बाजूस पूर्वी भातखाचरे आणि मिठागरे होती. १९८५ साली येथे नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली, आणि खाचरांच्या जागी इमारती व कारखान्यांचे गाळे उभे राहिले. आमची शेती आता वाडा तालुक्यात आहे. तेथे उन्हाळी भेंडी लावली असता एके वर्षी ऐन एप्रिलात नदीवरच्या पंपाचा बुश गेला. तालुक्यातील एका कारखानदाराने 'उद्या देतो' म्हणत नऊ दिवस लावले. तोपर्यंत अर्धी भेंडी करपून गेली. त्या रागाच्या भरात मी एक लहान लेथ विकत घेतला व नवघरच्या घरी पडवीत मांडला.

पुढील वर्षी तोच बुश पुन्हा झिजला. मी मोठ्या उमेदीने तो स्वतः कातला. दिसावयास तो आरशासारखा झाला होता. शाफ्टवर चढविताना एका तोंडाने सहज गेला, दुसऱ्या तोंडाशी अडला. मी लाकडी हातोड्याने ठोकून बसविला. पंप घटकाभर चालला, तापला, बुश शाफ्टला चिकटला आणि शाफ्टवर खोल ओरखडे पडले. म्हणजे बुशाचे काम वाचविण्याच्या नादात शाफ्टचे काम वाढविले, आणि पुन्हा त्याच कारखानदाराच्या दारात उभा राहिलो. नंतर मापून पाहिले तेव्हा बुशाचे भोक ४० मिलिमीटर लांबीत एका टोकास दुसऱ्यापेक्षा ०.०८ मिलिमीटरने लहान असल्याचे आढळले. ही तफावत डोळ्यास दिसत नाही. सुतारकामातले एक सूत सव्वातीन मिलिमीटरच्या जवळपास असते, त्याचा हा चाळिसावा हिस्सा. परंतु शाफ्ट आणि बुश यांच्यामध्ये तेलासाठी जी फट ठेवावयाची, तीच मुळी तीन-चार शतांश मिलिमीटरची होती.

अपयशाचे खापर मी यंत्राच्या दुबळेपणावर फोडले. मोठी मोटार बसवावी, प्लॅस्टिकच्या चक्रांऐवजी लोखंडी चक्रे घालावी, आकडे दाखविणारी विजेची मापपट्टी लावावी, असा बेत ठरविला. या साऱ्याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होत होता. सुदैवाने मागणी नोंदविण्यापूर्वी येथील एका गाळ्यात तीस वर्षे लेथ चालवून निवृत्त झालेल्या एका वृद्ध टर्नरास मी यंत्र दाखविले. त्यांनी ते चालूही केले नाही. सरकती बैठक दोन्ही हातांनी धरून वर उचलली; ती खडखडली. मग एवढेच म्हणाले, "भाऊ, ह्याला मोटार बदलून काही होणार नाही. आधी ह्याचं बूड घट्ट करा."

या एका वाक्यात माझे सर्व म्हणणे आले आहे. ज्या शेताची बांधबंदिस्ती झालेली नाही त्यात खत टाकले तर ते पहिल्या पावसात ओढ्याला मिळते. उपाशी बैलाची शिंगे रंगवून पोळा साजरा करता येतो, नांगरट करता येत नाही. यंत्राचेही तसेच आहे. ज्या लेथची बैठक हलते त्यास दुप्पट ताकदीची मोटार लावली तर त्याच चुका दुप्पट वेगाने होतील. आणि मापपट्टीचे आकडे कितीही बारीक असले तरी हत्यार धातूत शिरताना मागे रेटले जात असेल, तर ते आकडे आपल्याला फसविणारच.

तेव्हा योग्य क्रम कोणता, ते सांगतो. यातील बहुतेक कामांस पैशापेक्षा वेळ व धीर अधिक लागतो.

पहिले काम साफसफाईचे. नव्या यंत्रावर गंजू नये म्हणून थापलेला चिकट थर असतो, व त्यात घासकामाची बारीक रेतीही अडकलेली असते. सरकते भाग सुटे करून रॉकेलने धुवावे, कोपऱ्यांवरील धारदार कंगोरे बारीक कानशीने मोडावे, पुसून तेल द्यावे व पुन्हा जोडावे. या कामात एक सबंध दिवस जातो, परंतु त्या दिवसात आपल्याला आपले यंत्र कळते. हे न करता सरळ काम सुरू करणारा मनुष्य, बैलाचे दात न पाहता बाजारातून बैल आणणाऱ्यासारखा समजावा.

दुसरे काम यंत्राच्या मांडणीचे. लेथ डुगडुगत्या टेबलावर ठेवू नये. जाड लाकडी फळीची भक्कम घडवंची किंवा काँक्रीटचा ओटा करावा. काँक्रीटची गोष्ट ऐकून कोणी हसू नये. पहिल्या महायुद्धात ओतीव लोखंडाची यंत्रे वेळेवर मिळेनात, तेव्हा अमेरिकेत ल्युशियन योमन्स याने तोफेचे गोळे कातण्यासाठी काँक्रीटच्या शरीराचे लेथ बनविले होते. वजनदार व घट्ट आधार कंप शोषून घेतो, हे त्यातील मर्म आहे. मात्र पायांचे बोल्ट आवळताना फार सावध असावे. लहान लेथचा बेड इतका हलका असतो, की ओटा असमान असेल तर बोल्टांच्या ताणाने तो पिळला जातो, आणि पिळलेल्या बेडवर प्रत्येक वस्तू निमुळती कातली जाते.

हा दोष ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. सुमारे २५ मिलिमीटर जाडीची पोलादी सळई चकमध्ये धरून १२० मिलिमीटर बाहेर ठेवावी. दुसऱ्या टोकास आधार देऊ नये. मधला भाग थोडा कातून बारीक करावा, म्हणजे चकजवळ एक व टोकाशी एक अशी दोन कडी शिल्लक राहतील. मग अणकुचीदार हत्याराने, आडव्या बैठकीचे चाक न हलविता, दोन्ही कड्यांवरून एकच अत्यंत हलका काप घ्यावा व मायक्रोमीटरने दोन्ही मापावी. मापे सारखी आली तर उत्तम. न आली तर पायांचे बोल्ट पूर्ण सैल करून परीक्षा पुन्हा घ्यावी. सैल असता फरक नाहीसा झाला, तर दोष ओट्याचा आहे असे समजून टोकाकडील एका पायाखाली पत्र्याची पातळ चकती घालून पाहावे. कोणत्या पायाखाली व किती, हे प्रत्येक वेळी काप घेऊन व मापूनच ठरते. सैल करूनही फरक राहिला, तर स्पिंडल ज्यात बसतो तो हेडस्टॉक बेडशी समांतर नाही असे मानावे व त्याखालील बैठक साफ करून, लागल्यास तेथे पातळ पत्रा देऊन तो सरळ करावा. माझ्या लेथवर पहिल्या परीक्षेत दोन कड्यांत ०.०६ मिलिमीटरचा फरक निघाला. त्यातील बराचसा भाग माझ्याच पडवीतल्या वाकड्या ओट्याचा होता. तीन संध्याकाळी खर्चून तो एका शतांशाच्या आत आला, आणि त्यास लागलेला एकूण खर्च म्हणजे एक पत्र्याची चकती.

तिसरे काम सरकत्या बैठकीचे. ही बैठक बेडवरून उचलली जाऊ नये म्हणून तिच्या खाली दोन पट्ट्या स्क्रूंनी बसविलेल्या असतात. यातील काही स्क्रू ओढतात व काही ढकलतात. परिणामी पट्टी तिरकी राहते व आज जुळविलेली बैठक आठ दिवसांत पुन्हा खडखडू लागते. पट्टी आणि बैठक यांच्यामध्ये मोजून पातळ पत्रे घालावे व पट्टी घट्ट आवळून टाकावी, म्हणजे ही कटकट कायमची मिटते. बेडवर डायल गेज उभा करून बैठक हाताने उचलून पाहावी. काटा दोन शतांशांहून अधिक हलता कामा नये, आणि तरीही बैठक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडखळल्याशिवाय सरकली पाहिजे. आडव्या बैठकीच्या बाजूस जी पातळ पट्टी असते, तीही काढून काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिशपेपर ठेवून घासावी, म्हणजे ती सपाट होते. तिचे स्क्रू एकेक करून आवळावे; सगळे एकदम आवळणाऱ्याचा हात बसत नाही.

चौथे काम हत्याराचे. हत्याराचे टोक वस्तूच्या मध्याच्या अगदी उंचीवर असले पाहिजे. पोलादी पट्टी फिरती नसलेल्या सळईवर उभी धरून हत्याराच्या टोकाने अलगद दाबावी. पट्टी सरळ उभी राहिली तर उंची बरोबर, कलली तर हत्यार वर किंवा खाली आहे. हत्याराला धार लावणे ही शिकावयाची विद्या आहे, आणि आपण शेतकरी कोयत्यास धार लावणारे लोक असल्याने ती आपल्याला जड जाऊ नये. हत्यार झटपट बदलता यावे अशी बैठक पुढे घेण्यास हरकत नाही; ती चैनीची नव्हे, उपयोगाची वस्तू आहे, कारण तिच्यामुळे प्रत्येक वेळी उंची जुळविण्याचा त्रास वाचतो.

इतके झाल्यावर मग बेअरिंगकडे वळावे. या लेथांत स्पिंडल बहुधा ६२०६ क्रमांकाच्या साध्या गोळ्यांच्या बेअरिंगवर बसविलेला असतो. त्याऐवजी ३०२०६ क्रमांकाचे निमुळत्या रोलरचे बेअरिंग घातल्यास स्पिंडल अधिक ताठ होतो. दोहोंचे आतील व बाहेरील व्यास ३० आणि ६२ मिलिमीटर असे सारखेच आहेत. परंतु पहिल्याची रुंदी १६ मिलिमीटर व दुसऱ्याची १७.२५ मिलिमीटर असल्याने मधल्या नळ्या तेवढ्या कमी कराव्या लागतात, ही गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. ज्यांस हे काम नको असेल त्यांनी ७२०६ क्रमांकाचे कोनीय बेअरिंग घ्यावे. ते त्याच रुंदीचे असते. बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवू नये. लांब आट्याची दांडी व जाड वॉशर घेऊन ओढून बसवावे, नाहीतर गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडून नवे बेअरिंग जुन्याहून वाईट होते. आवळ किती द्यावा याची खूण अशी, की अर्धा तास चालविल्यावर हेडस्टॉक हाताला कोमट लागावा, चटका बसू नये.

लोखंडी चक्रांविषयी माझे मत लोकमताच्या विरुद्ध आहे, ते स्पष्टच सांगतो. हेडस्टॉकमधील प्लॅस्टिकची चक्रे मोडतात ही तक्रार खरी आहे. परंतु ती केव्हा मोडतात? हत्यार वस्तूत रुतून बसते तेव्हा. त्या वेळी काहीतरी मोडणारच. स्वस्तातले चक्र मोडले नाही, तर स्पिंडलची चावी, मोटार किंवा तिचे नियंत्रण करणारी पाटी जाईल. रोटाव्हेटरच्या शाफ्टला शिअर बोल्ट असतो तो तुटण्यासाठीच. तो वारंवार तुटतो म्हणून त्या जागी पक्का बोल्ट ठोकणारा शेतकरी पुढे गिअरपेटीचे बिल भरतो. तेव्हा पाया घट्ट झाल्याशिवाय लोखंडी चक्रे घालू नयेत. प्लॅस्टिकचा एक जादा संच फडताळात ठेवावा, हे माझ्या मते शहाणपणाचे आहे.

मोठी मोटार व विजेची मापपट्टी यांचा क्रम सर्वांत शेवटी लागतो. त्या निरुपयोगी आहेत असे माझे म्हणणे नाही. मंद गतीस अधिक जोर देणारी मोटार आटे पाडताना सोयीची पडते, आणि मापपट्टीमुळे दृष्टी मंद झालेल्या माणसास मोठी मदत होते. परंतु वर्षभर काम करून आपल्याला काय कमी पडते हे कळल्यावरच त्यांवर पैसा घालावा. खेड्यातील वीज कमीजास्त होते व त्याने मोटारीची नियंत्रण पाटी जळते. अशा ठिकाणी मोठ्या मोटारीपूर्वी स्टॅबिलायझर आणि उत्तम अर्थिंग यांची गरज आहे.

येथे कोणी म्हणेल, की एवढा खटाटोप करण्यापेक्षा थोडे अधिक पैसे घालून चांगला भारी लेथच का घेऊ नये? हा आक्षेप वाजवी आहे. ज्याच्याजवळ जागा, पैसा व नेहमीचे काम आहे, त्याने जुना पण सुस्थितीतील भारतीय बनावटीचा मोठा लेथ खुशाल घ्यावा. परंतु जुना मोठा लेथ म्हणजेही झिजलेला बेड व सैल बैठक. जो लहान यंत्राची परीक्षा करण्यास शिकला नाही, तो मोठे यंत्र विकत घेताना हमखास फसेल. दुसरे कोणी म्हणेल, की हा रिकामटेकड्यांचा छंद आहे. त्यांस मी एका उदाहरणाची आठवण करून देतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, आणि पुढे एक लहान लेथ, एक लहान ड्रिल व सहाणयंत्र एवढ्या सामग्रीवर शेतकऱ्यांसाठी कडबा कापण्याची यंत्रे करण्यास आरंभ केला. १९०३ मध्ये लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि १९४१ मध्ये त्याच घराण्याने हरिहर येथे लेथच बनविण्याचा कारखाना काढला. आपल्या प्रत्येकाच्या पडवीतून कारखाना निघेल असे मी म्हणत नाही. परंतु लहान यंत्राकडून चोख काम करून घेण्याची सवय ही छंदाहून मोठी वस्तू आहे, एवढे यावरून दिसते.

दोन गोष्टींची ताकीद देणे माझे कर्तव्य आहे. पहिली जिवाची. लेथवर धोतराचा सोगा, उपरणे, पदर, मोकळे केस, घड्याळ, अंगठी किंवा हातमोजे यांपैकी काहीही असता कामा नये. फिरते चक कापडाचा धागा धरते व मागोमाग हात ओढते. डोळ्यांस चष्मा असावा. चकची किल्ली चकमध्ये सोडून हात काढू नये. पॉलिशपेपर बोटाभोवती गुंडाळून फिरत्या वस्तूस लावू नये. मुले जवळ असता यंत्र चालू करू नये. दुसरी ताकीद गंजाची. आमच्या नवघरला खाडी जवळ असल्याने हवेत खार आहे, व कोकणपट्टीत सर्वत्र पावसाळ्याचे चार महिने तीच स्थिती. काम संपताच चुरा ब्रशने झाडून बेडवर तेलाचा हात फिरवावा व वर सुती कापड घालावे. प्लॅस्टिकने झाकू नये. त्याच्या आत दमट हवा कोंडून एका रात्रीत तांबेरा चढतो. माझ्या बेडवर पहिल्या जुलैत पडलेले डाग आजही तसेच आहेत.

शेवटी आपल्या मंडळास एक सूचना करतो. वर सांगितलेल्या प्रत्येक कामास मापनाची साधने लागतात : एक चांगला मायक्रोमीटर, चुंबकाच्या उभ्या दांडीसह एक डायल गेज, फट मोजण्याच्या पात्यांचा संच, एक अचूक घासलेली पोलादी परीक्षासळई आणि एक यंत्रकामाची पाणसळ. ही साधने प्रत्येकाने घ्यावी असे नाही. वर्षातून चार दिवसच ती लागतात. मंडळाने असा एक संच घेऊन पेटीत ठेवावा व सभासदांस अनामत घेऊन आळीपाळीने द्यावा. त्याचबरोबर एखाद्या निवृत्त टर्नरास मानधन देऊन वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व रब्बीपूर्वी, सभासदांची यंत्रे तपासण्यास बोलवावे. हातांनी लेथ चालवून वाढलेली ही पिढी आता थकत चालली आहे, आणि नव्या कारखान्यांत संगणकावर चालणारी यंत्रे येत असल्याने तिची जागा घेणारे तरुण थोडे आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आपल्या मुलांपैकी एखाद्याने तो अवश्य पुरा करावा. परंतु यंत्र उचलून त्याचा खडखडाट ऐकणारा जो हात मला लाभला, तो पुस्तकातून मिळत नाही. तो असेतो त्याच्याकडून शिकून घेणे हे बियाणे राखून ठेवण्याइतकेच अगत्याचे आहे.

असो. माझ्या पंपावर आज जो बुश आहे, तो त्याच लहान लेथवर, जुन्याच मोटारीने आणि जुन्याच प्लॅस्टिकच्या चक्रांनी कातलेला आहे. त्याने दोन उन्हाळे काढले. ज्या सभासदांच्या घरी असे लेथ आहेत त्यांनी काहीही नवे विकत घेण्यापूर्वी दोन कड्यांची परीक्षा एकदा करावी व निघालेली मापे या मासिकाकडे पाठवावी. दहा-बारा ठिकाणची मापे एकत्र आली, तर पेटीची गरज किती आहे हे मंडळास आपोआप कळेल.

— एक सभासद, नवघर